दाराशी येणारी रेल्वे

धाराशिवला रेल्वे येणार, ही बातमी गावभर केली ती आमच्या वडिलांनी. ते निजामाच्या कचेरीत कारकून. ‘तरक्की’ हा शब्द त्यांच्या जिभेवरच असायचा. एकदा मोजणीवाले आले, दुर्बिणीतून आमच्या परसाकडं बघितलं, चार सागवानी खुंट्या ठोकल्या आणि गेले ते गेलेच. वडील दर दिवाळीला त्या खुंट्यांना चुना लावत. घराच्या भिंतींना लावायचं तेवढं राहून जाई.

जेवताना ते रेल्वेचे फायदे सांगत. भुसार थेट सोलापूरला जाईल, दवाखाना जवळ येईल, जमिनीला सोन्याचं मोल येईल. एकदा आईनं विचारलं, “आणि तोटा?”

वडिलांनी घास थांबवून विचार केला. “धूर,” म्हणाले.

थोरल्या बहिणीला कुर्डुवाडीचं स्थळ आलं, तेव्हा आई अडून बसली. लई लांब, निजामाच्या सरहद्दीपल्याड. वडिलांनी बैठकीतच व्याह्यांना सांगून टाकलं, “लांब कुठलं? रेल्वे दाराशी येतीय. सकाळी बसली की दुपारी पोर माहेरी!” लग्न झालं. कुर्डुवाडीहून येणारी रेल्वे होती तिथंच, येडशीला राहिली. पुढं घाट आणि बैलगाडी.

बहिणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगावं लागतं? पण व्याह्यांचा निरोप आला: तुमची रेल्वे दाराशी आली की सून धाडतो, अवघडलेल्या पोरीला घाटातून बैलगाडीत घालायची न्हाय. पोर तिकडं सातव्या महिन्यातही पहाटे जात्यावर बसत होती, हे आमच्या कानावर होतं. मेल्यांना घाट दिसत होता, जातं दिसत नव्हतं.

वडील म्हणाले, “जरा कळ काढ. सरकारात कागद फिरतोय.”

“फिरू द्या. तोवर माझी पोर जाईल जिवानिशी,” आई म्हणाली आणि मला घेऊन निघाली. रेल्वेत ती कधी बसली नव्हती. तसे वडीलही बसले नव्हते, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं ती अगदी मन लावून पाळली. कुर्डुवाडीला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेसमोर तीन दगड मांडून ती भाकरी थापायला बसली. येणारा-जाणारा विचारी, “कुणाकडं आलात, बाई?” आई व्याह्यांच्या दुकानाचा पत्ता सांगे. “लेकीला न्यायला आले. रेल्वे आमच्या दाराशी येईस्तोवर इथंच बसायचंय.”

पेठेत व्याह्यांची पार शोभा झाली. शेवटी त्यांनीच येऊन हात जोडले, बहिणीला डब्यात बसवून दिलं, घाटासाठी गादीसुद्धा दिली.

येडशीला वडील गाडी जुंपून उभे होते. “कशी काय वाटली रेल्वे?”

“बरी हाय,” आई म्हणाली. “आता बैल हाका.”

बहीण सुखरूप सुटली, मुलगी झाली. पण दिवस झडीचे, सरपण ओलं, आणि बाळंतिणीच्या न्हाण्याला पाणी तापेना. आई परसात गेली, खुंट्या उपटून आणल्या आणि चुलाणात घालायला लागली. वडील धावले. “अगं, सरकारी आहेत त्या!”

आईनं शेवटची खुंटी त्यांच्या हातात दिली. आत बाळ रडत होतं. वडिलांनी वाकून ती आपल्या हातानं चुलाणात सारली.

बराच वेळ ते जाळाकडं बघत बसले. मग उपरण्यानं डोळे पुसले.

“धूर,” म्हणाले.