ऐकल्याची पोच

आमच्या वन्संना बेटावर घेऊन जायचंय, असं सांगायला कप्तान घरी आले तेव्हा मी ओट्याशी भाजी चिरत होते. सुरी हातातच राहिली. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले. बाकी काही गेलं नाही, जिभेला तर जास्तच धार आली, असं माझे सासरे म्हणायचे.

कप्तान नावाचेच कप्तान. जन्मभर जहाजांवर रेडिओ सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर घरी स्वतःचा रेडिओ लावून बसले. वन्संनाही तोच नाद. या हौशी रेडिओवाल्यांची जमात जगभर पसरलेली आहे. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना आणि एक संकेतनाव घ्यायचं, गच्चीवर तार ताणायची आणि अनोळखी माणसांशी बोलत बसायचं. कुठल्या देशातल्या, कुठल्या बेटावरच्या माणसाशी बोलणं झालं ते नोंदवायचं, मग दोघांनी एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवायचं. हो बाबा, आपलं बोलणं झालं, अशी पोच. पोच हातात आली की ती जागा आपल्या खात्यात जमा.

आता ज्या बेटावर माणूसच राहत नाही, तिथून कोण बोलणार? मग काही वेडे पदरमोड करून होडीनं तिकडे जातात, तंबू ठोकतात आणि आठवडाभर तिथून बोलतात. बाकीचे त्या आठवड्याची वर्षानुवर्षं वाट बघत असतात. कप्तान अशाच एका बेटावर निघाले होते. किनाऱ्यापासून कित्येक दिवस नुसता समुद्र, आणि मग पक्ष्यांनी भरलेला एक खडक.

"आणि ताई तिथे काय करणार?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"बोलणार. एका वेळी शेकडो माणसं हाका मारतात हो तिथे. त्या गलक्यातून एकेक नाव वेचून काढायचं असतं. आमच्यातल्या दोघांचे कान उतरलेत. हिचे शाबूत आहेत."

"आणि पाय घसरला तर?"

आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला. "गेल्या वर्षी न्हाणीघरात कोण पडलं होतं रे?"

कोण पडलं होतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. विषय तिथेच मिटला.

वन्संचे कान का शाबूत होते, तेही सांगते. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनच्या खोलीत त्यांची नोकरी. त्या खोलीला खिडकी नव्हती, पण त्याचा त्रास फक्त त्यांच्या डोळस जोडीदारणीला व्हायचा. बाहेरून फोन करणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला, धापा टाकणारा, कधी हुंदके देणारा. कुणाचं नाव, कुठला वॉर्ड, ते त्या रडण्यातून उचलायचं. "परत सांगा" म्हटलं की माणूस आणखी खचतो, म्हणून वन्सं शक्यतो पहिल्यांदाच ऐकायच्या. घरी आल्या की त्यांना गप्प बसायला आवडायचं. चहा झाला की रेडिओच्या खोलीत जायच्या आणि मग त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा, हलका, थट्टेखोर.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं धक्क्यावर सोडायला गेलो. वन्संनी होडीत पाय ठेवायच्या आधी नवरा एकदम खाली बसला आणि त्यांच्या नव्या बुटांच्या नाड्या सोडून परत बांधायला लागला, दुहेरी गाठ मारून.

"मला येतात बांधता," वन्सं म्हणाल्या.

"माहितीये."

त्या तशाच उभ्या राहिल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. कप्तान उगाचच दोरखंड तपासत बसले.

परत आल्या त्या नाकावरची कातडी सोललेल्या. त्यांच्या सगळ्या कपड्यांना पक्ष्यांच्या विष्ठेचा वास. मी कपडे दोनदा धुतले तरी जाईना. पण माणूस आतून असा उजळलेला की विचारता सोय नाही. जेवताना, झोपताना, केस विंचरताना नुसतं बेट. रबरी होडी खडकाला टेकली की लाट मागे ओढून न्यायची, त्यामुळे कप्तान "आता" म्हणाले की उडी मारायची. "तो आता म्हणाला, मी मारली. बाकीचे लाटेकडे बघत बसले आणि भिजले." तिथले दगड वरून उबदार आणि खालून ओले. पक्ष्यांना माणसाची भीतीच नाही. त्या तंबूत बोलत बसल्या की एक पक्षी रोज येऊन त्यांच्या पावलावर बसायचा. हाकलला तर ओरडायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. एका कानात रेडिओ, दुसऱ्या कानात टाइप केलेलं अक्षर न् अक्षर वाचून दाखवणारा संगणक आणि पावलावर हा.

"आणि हाका कशा होत्या?" मी विचारलं.

"अगं, बंद दाराबाहेर गर्दी उभी असावी तशा. मी एकाचं नाव घेतलं की बाकीचे क्षणभर गप्प. मग पुन्हा सुरू."

त्यानंतर पोचेचं काम आलं, आणि त्यात मीही अडकले. जगभरातून पाकिटं यायला लागली. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेला. मी कार्ड वाचायची, वन्सं संगणकातल्या नोंदीशी ताडून बघायच्या, जुळलं की मी बेटाच्या कार्डावर भरायची आणि त्या सही करायच्या. सही वाकडी, पण ठसठशीत. काही कार्डांवर छायाचित्रं असायची. मी त्यांना सांगायची: हा मिशीवाला आहे, मागे कुत्रं झोपलंय. "कुत्रं ऐकू आलं होतं," असं त्या एकदा म्हणाल्या. खरं की थाप, देव जाणे.

अशातच एक कार्ड असं निघालं की ते नोंदीत सापडेना. पाठवणारे लांबच्या एका डोंगराळ गावातले वयस्कर शिंपी. अक्षर नीटनेटकं, जणू टाके घातलेले. त्यांनी दिवस, वेळ, सगळं लिहिलं होतं. वन्संनी उलटसुलट करून पाहिलं, पण त्या नावाचं कुणी नव्हतंच. तसं कळवलं, तर त्यांच्या मुलीचा फोन आला.

"बाबा म्हणतात, त्या बाईंनी माझं नाव घेतलं. त्यांनी स्वतः ऐकलंय," ती म्हणाली. "ते हल्ली अंथरुणातून फारसे उठत नाहीत. मागच्या वेळी त्या बेटावर लोक गेले होते तेव्हा आई दवाखान्यात होती, म्हणून राहिलं. या वेळी मी रेडिओ त्यांच्या उशाशी आणून ठेवला होता. बोलणं झालं त्या दिवशी रडले हो ते."

फोन ठेवल्यावर माझा नवरा म्हणाला, "टाक ना सही करून. एका कार्डानं कुणाचं काय जातंय?"

मलाही तसंच वाटत होतं. कप्तानांना विचारलं, तर ते सरळ म्हणाले, "नोंद नाही तर पोच नाही. एकाला दिली की बाकीच्या सगळ्यांच्या पोचेची किंमत गेली."

कप्तानांनी बेटावरचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, ते वन्संनी मागवून घेतलं आणि रोज नोकरीवरून आल्या की कानाला लावून बसायला लागल्या. चहा गार व्हायचा. वारा, पक्षी, गलका आणि मधे स्वतःचाच आवाज, पुन्हा पुन्हा तेच. मी एकदा थोडं ऐकलं. मला तर मासळीबाजारच वाटला.

एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "बस इथे. ऐक."

रेकॉर्डिंगमध्ये वन्संनी एक संकेतनाव घेतलं. लगेच एक दणदणीत आवाज उत्तर द्यायला लागला. "आता त्याच्याखाली ऐक," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा मला काही कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं. त्या मोठ्या आवाजाखाली एक बारीक, थरथरता आवाज होता. तोही तेव्हाच उत्तर देत होता, आभार मानत होता.

दोघांच्या नावात फक्त शेवटचं अक्षर वेगळं. वन्संनी मोठ्या आवाजाच्या माणसाला बोलावलं होतं. शिंप्यांकडे ते शेवटचं अक्षर खरखराटात बुडालं असणार, त्यांना वाटलं आपल्यालाच बोलावलं. नोंदीत चूक नव्हती आणि म्हातारबाबाही खोटं बोलत नव्हते.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"सांगणार."

"वन्सं, ते आजारी आहेत."

"म्हणून खोटं सांगू? दवाखान्यात फोनवर मी तेच करते का?" असं म्हणाल्या खऱ्या, पण नंबर लावायला त्यांनी बराच वेळ घेतला. हात पदराला पुसला.

मुलीनं फोन वडिलांकडे दिला. वन्संनी स्पीकर चालू केला होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"काका, बेटावरून बोलत होते ती मी."

"आवाज ओळखला बाई. बोला."

वन्संनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, शब्दही गोड केले नाहीत. मी टेबलाची कडा घट्ट धरून बसले होते.

मग काकांनी विचारलं, "मी उत्तर दिलं, ते तुम्हाला ऐकू आलं नाही तर."

"तेव्हा नाही आलं. आज आलं."

"आज कसं?"

"तिथे रेकॉर्ड केलं होतं. त्यात तुम्ही आहात. तुम्ही म्हणालात, आभारी आहे, सांभाळून परत या."

मग ते हसले. खोकत खोकत हसले. "म्हणजे पोचलो होतो मी. दारात उभा होतो, एवढंच."

"हो काका. उघडायला मी चुकले."

"तुम्ही कशाला चुकाल? पुढचा माणूस अंगापिंडानं मोठा होता, मी त्याच्यामागे झाकलो गेलो." मग म्हणाले, "तुमच्या मागे एक पक्षी सारखा ओरडत होता, तो कुठला?"

मग जे सुरू झालं ते स्वयंपाकाची वेळ उलटली तरी चाललं होतं. वन्संनी त्यांना तो पावलावरचा पक्षी सांगितला, दगड सांगितले, वाऱ्यानं तंबूची शिवण उसवली ते सांगितलं. शिवण म्हटल्यावर शिंपीकाकांना चेव आला. कुठला दोरा वापरला होता, टाका कसा होता, सगळं विचारून घेतलं आणि तंबू शिवणाऱ्याला मनसोक्त नावं ठेवली.

शेवटी वन्सं म्हणाल्या, "बोलणं झाल्याची पोच मला देता येणार नाही. पण ऐकल्याची देता येते. नुसतं ऐकणाऱ्यांनाही आम्ही कार्ड पाठवतो. तुम्ही बेट ऐकलंत, ते नक्की. चालेल?"

"खरं आहे ना? मग चालेल."

ते कार्ड मी भरलं. बोलणं झाल्याच्या रकान्यात रेघ मारली आणि खाली वन्संनी सांगितलं तसं लिहिलं: यांनी बेट ऐकलं, आणि त्यांचा आवाज बेटावर पोचला. सहीला वन्संनी जरा जास्तच वेळ घेतला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं रेडिओवर भेटायला लागले. गुडघे, औषधं, दोरा, हवा. काकांना कुणी त्या बेटाचं विचारलं की ते आपणहून सांगायचे, "ते माझ्या खात्यात नाही. पण माझा आवाज तिथे जाऊन आलाय."

थंडी ओसरल्यावर वन्संनी कप्तानांना फर्मान सोडलं. आमच्या शहराजवळ एक धरण आहे. त्याच्या पाण्यात एक टेकडी बुडाली, तिचा माथा तेवढा वर राहिला. चार झाडं आणि खूप गवत. जगातल्या कुठल्याही यादीत ते बेट नाही. तिथे जायचं ठरलं. मीही गेले, छत्री आणि डबा घेऊन. नावाडी आमच्याकडे बघून मान हलवत होता.

कप्तानांनी दोरीला दगड बांधून तार फांदीवरून टाकली. वन्सं गवतात मांडी घालून बसल्या, मांडीवर छोटा रेडिओ. मी त्यांना घरी बोलताना हजारदा पाहिलं होतं, पण अशा उघड्यावर, पाण्याच्या मधोमध, कधीच नाही. त्यांनी हाक दिली आणि ऐकायला लागल्या, मान किंचित तिरकी करून. दोन-तीन जणांचे आवाज आले. त्यांच्याखाली तो बारीक आवाज.

"बाकीच्यांनी जरा थांबा," वन्सं म्हणाल्या. "आधी शिंपीकाका." आणि त्यांचं पूर्ण संकेतनाव घेतलं, शेवटचं अक्षर दोनदा.

बेटावरून बोलणारे लोक आवाज कसा येतोय याचा आकडा सगळ्यांना सारखाच देतात, पाच-नऊ, म्हणजे अगदी उत्तम. ती रीतच आहे. वन्संनी काकांना पाच-तीन दिला, म्हणजे शब्द स्वच्छ, पण आवाज क्षीण.

"पाच-तीन," काका पलीकडून म्हणाले. आवाजात समाधान मावत नव्हतं. "बरोबर. तेवढाच येत असणार. तुम्ही इथे पाच-सात. बेट मिळालं बाई. सांभाळून परत या."

"आभारी आहे काका," वन्सं म्हणाल्या, आणि रेडिओ क्षणभर गवतात ठेवला. कप्तान तारेकडे बघत राहिले.

मी मांडीवर कार्ड घेतलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली, पाच-तीन लिहिलं. "बेटाचं नाव काय घालू?" मी विचारलं.

"नावाड्याला विचार."

नावाडी होडीत बसून जाळं साफ करत होता. "याला कुठलं आलंय नाव?" तो म्हणाला. "आम्ही टेकाड म्हणतो."

मी टेकाड लिहिलं आणि कार्ड सहीसाठी वन्संच्या हातात दिलं.