सुवर्णा रडली नाही तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही.

सुवर्णा माझी धाकटी जाऊ. मोशीत आम्ही एकाच घरात राहतो; दीर चाकणला कंपनीत. तिचे सांधे धरायचे, तोंडाला कोरड पडायची, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. दिरांची शिफ्ट होती, म्हणून पिंपरीच्या दवाखान्यात तिला मीच नेलं. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. काढली तर कोरडी ठाक. म्हणाल्या, हिचं शरीर हिच्याच अश्रूंच्या ग्रंथींवर उठलंय. डोळ्यांत घालायचे हे थेंब चुकवाल तर बुबुळाला जखम होईल. घरी मात्र सगळ्यांनी ‘डोळ्यांची उष्णता’ एवढंच धरलं — आणि मीही ते तसंच राहू दिलं.

मग सासूबाई गेल्या. अंथरुणावरचं त्यांचं सगळं सुवर्णानेच केलं, अगदी हगणं-मुतणंसुद्धा. मी? मी आपली वरवर. त्यांच्या तोंडी सदा तिचंच नाव. त्याचा मला राग होता — होताच, आता कशाला लपवू?

आमच्याकडे भेटायला बायका आल्या की सुनांनी गळ्यात पडून रडायचं असतं. मी चांगली रडले. सुवर्णा हुंदके द्यायची, पण डोळे कोरडे. मधेच कोपऱ्यात जाऊन थेंब घालताना तिला मावससासूंनी पाहिलं.

“औषध घालून पाणी काढतीया बया. सासूसाठी एक टिपूस न्हाई हिच्या डोळ्यात.”

सगळ्या वळून बघायला लागल्या. सुवर्णा माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, “ताई, तुमी होता ना तिथं. सांगा की त्यांना.”

एक वाक्य बोलायचं होतं. पण मला — कसं सांगू — बरं वाटत होतं. जिला सासूबाईंनी डोक्यावर घेतलं, तिलाच बायका नावं ठेवत होत्या. मी तोंडाला पदर लावला आणि आणखी मोठ्याने रडले.

तेराव्यापर्यंत तिने ती बाटली उघडली नाही. मला दिसत होतं. डोळा लालभडक झाला तेव्हा बायका म्हणाल्या, आत्ता रडली वाटतं. दवाखान्यात नेईपर्यंत बुबुळावरची जखम पिकली होती. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो.

तिची बोटं वाकलीत, बाटली दाबता येत नाही. थेंब मीच घालते. ती निमूट मान मागे टाकते, औषध गालावर ओघळतं, मी पुसते. रोज ओठांपर्यंत येतं — आणि रोज मी झाकण लावून कुकर चढवायला जाते.

परवा दिरांनी मला विचारलं, त्या दिवशी तिच्या बाजूने कुणीच कसं बोललं नाही? मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

सुवर्णाच म्हणाली, “ताईंना कशाला बोलता? मी सांगितलं हुतं त्यांना, पण एवढ्या रडारडीत ऐकूच गेलं नसंल.”

मला ऐकू गेलं होतं.