कुबडीला विसावा

मुलांनो, आज झेंडूच्या वासाने मला सोलापुरातली लहानपणची खंडेनवमी आठवली. महायुद्धात पाय गमावलेले माझे काका लोकांच्या नजरा टाळण्यासाठी घराबाहेर पडत नसत. त्या दिवशी आजीने विळ्या-कोयत्यांशेजारी त्यांची कुबडीही पाटावर ठेवून पुजली.

"आये, आता मी चालू कसा?" काका म्हणाले.

"पुजलेलं आज वापरायचं न्हाय. तिला विसावा. थोरला हाय की तुला देवळात न्यायला."

थोरले म्हणजे माझे वडील. त्यांनी काकांना पाठीवर घेतलं. "लई जड झालायस की," ते म्हणाले, आणि काका हसले.

आम्ही निघालो तशी ओट्यांवरची माणसं एकेक करून उठून उभी राहिली. काकांनी मान वर केली. देवाची पालखीच निघाली आहे, असं मला वाटलं. इतक्या वर्षांनीही तसंच वाटतं.