मी खोटा ठरवलेला खरा मेल

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, माझा नवरा अजून हसतोय.

मी कोथरूडला राहते आणि एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. त्यामुळे आमच्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी मला सर्वज्ञ समजायची. समजायची म्हणतेय, लक्षात घ्या!

तिसऱ्या मजल्यावर प्रभाताई राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान, अण्णा, परदेशातल्या नातवासाठी दर रविवारी मोबाइलवर एक गोष्ट रेकॉर्ड करायचे. अण्णा गेले. पुढे प्रभाताईंचा फोन भरला. मी म्हटलं, "ताई, सगळं ऑनलाइन ठेवू या, एक साइट आहे. माझे फोटोही तिथेच आहेत. मग फोनमधून बिनधास्त काढून टाका."

"नीट राहील ना हो?"

"तुमच्या कपाटापेक्षा जास्त!"

हे कोण म्हणालं? मी!

माझं ऐकून आणखी तिघांनी तिथेच खाती उघडली. त्यात आमचे सेक्रेटरी पटवर्धनसुद्धा.

काही वर्षांनी त्या साइटच्या कंपनीचा मेल आला. 'आम्ही सेवा बंद करत आहोत. आपल्या फाइल्स डाउनलोड करा, नाहीतर कायमच्या नष्ट होतील.' नाहीतर? मला धमकी? फसवणूक कशी ओळखायची हे काय मला शिकवणार? मी पाठवणाऱ्यालाच ब्लॉक केलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं हो! पण त्याच आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये ऑनलाइन फसवणुकीवर माझं भाषण होतं. मी तो मेल भिंतीवर हा एवढा मोठा दाखवला आणि त्याची सालटी काढली.

प्रभाताईंनी हात वर केला. "मलाही आलाय हा. पण खरा असला तर?"

"ताई, खरी कंपनी अशी घाबरवते का? डिलीट करा!"

टाळ्या पडल्या. बटाटेवडे झाले. पटवर्धनांनी तर मेल डिलीट करून फोन मला दाखवला. मी म्हटलं, "शाब्बास!"

दीड महिना गेला. एका शनिवारी सकाळी मुलीला शाळेसाठी लहानपणीचा फोटो हवा होता. साइट उघडली, तर पानभर एकच सूचना: आज संध्याकाळी पाचला सेवा कायमची बंद.

ती सूचना मी दोनदा वाचली. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? खरंच वाटलं हो, लपवत नाही. मग स्वतःचीच लाज वाटली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'तो मेल खरा होता! पाचच्या आत फाइल्स डाउनलोड करा! ही घ्या लिंक!'

दोन मिनिटांत पटवर्धनांचा मेसेज: 'मॅडमचा फोन हॅक झाला आहे. घाई, भीती आणि लिंक, त्यांनीच शिकवलेल्या तिन्ही खुणा यात आहेत. कोणीही क्लिक करू नये.' आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं!

धावत त्यांच्या घरी गेले. जाळीच्या दाराआडून म्हणाले, "हे आपणच लिहिलंत?"

"हो!"

"मग त्या दिवशी हॉलमध्ये सांगितलंत ते?"

"ते चुकलं."

"आणि आज चुकत नाही कशावरून?"

माझाच धडा मला परत! दार लागलं.

लॅपटॉप घेऊन तिसरा मजला गाठला. प्रभाताई कोथिंबीर निवडत होत्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. या बाईंना वर्गात छडीची गरजच पडली नसणार! मग उठल्या, वहीतून पासवर्ड काढून दिला. एकेक गोष्ट उतरू लागली. मधल्या वेळात बाकीच्या दोघांना फोन केले, त्यांची मुलं घरी होती म्हणून निभावलं.

शेवटची गोष्ट उतरायला सव्वाचार वाजले. नीट आलीय का ते बघायला ती सुरू केली. "तर काय झालं सोन्या, माकडाने ढोलकी उचलली आणि..." अण्णा मध्येच खोकले. प्रभाताई पासवर्डची वही हातात धरून तशाच बसून राहिल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग वही मिटून म्हणाल्या, "आता आपलं बघा. पाच वाजतील."

माझं! पासवर्ड आठवेना. नवा मागवला. मेल येईना. पुन्हा मागवला. येईना. पाच वाजून गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला: त्या कंपनीला मीच ब्लॉक केलं होतं! मुलीची पहिली सहा वर्षं गेली. तिला अजून नीटसं सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.

पटवर्धनांचे चारधामचे फोटोही गेले. सोमवारी त्यांनी मला ग्रुपमध्ये परत घेतलं. खाली खुलासा होता: 'फोन हॅक झालेला नव्हता. मॅडम खऱ्याच आहेत. फक्त त्यांचं ऐकू नये.'