पाच दाते जास्त

लढाई संपल्यावर सैन्यातल्या जुन्या मोटारसायकली लिलावात निघाल्या, त्यातली एक मी घेतली. लढाईत मी तसल्याच गाडीवरून निरोप पोचवायचं काम केलं होतं. परत आल्यावर धरणाच्या कचेरीत कागद ने-आण करायचं काम मिळालं, म्हणजे लढाई गेली आणि गाडी तेवढी राहिली. त्या गाडीची आठवण निघाली की आजही मला ओशाळल्यासारखं होतं. ते गाडीमुळे नाही, दादामुळे.

आम्ही कुरवंड्याला राहायचो. घरात थोरला भाऊ, म्हणजे दादा, वहिनी, मी, माझी बायको आणि आमची तीन वर्षांची मुलगी. दादा लोणावळ्याला रेल्वेत फिटर होता. हाताचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलं की तो हातातला पाना खाली ठेवून भांडायला उभा राहायचा. साहेब असो की सासरा, त्याला फरक पडत नसे.

मला वेगाचं वेड होतं. वलवण ओलांडून कार्ल्याकडचा सरळ रस्ता लागला की माझ्या हातून वेगाची मूठ आपोआप पिळली जायची. मुलीला मी पुढे टाकीवर बसवायचो. ती हसायची आणि मी गाडी आणखी सोडायचो. एकदा दादा मागे बसला होता. लोणावळ्यात उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सावकाश चालवत जा रं," तो म्हणाला. "पोर हाय म्होरं."

"दादा, तू रुळावरचा मानूस. तुला रस्त्याचं काय कळतंय?" असं म्हणून मी हसलो. पोरगीही हसली. दादा डबा उचलून कामावर निघून गेला. नेहमीसारखा भांडला असता तर मी तेव्हाच सावध झालो असतो.

पुढे श्रावणात मला हिवताप आला आणि मी दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. तेवढ्यात दादानं गाडी खोलून साफ केली, तेलपाणी केलं. मी बरा होऊन गाडीवर बसलो आणि पाहतो तर गाडीची तऱ्हाच बदललेली. इंजिन ओरडायचं, पण गाडी त्या मानानं पळायची नाही. पूर्वी जिथे वारा कानात शिट्ट्या घालायचा तिथे आता नुसता आवाज. क्लच नीट धरत नाही असं मी ठरवलं, आणि क्लच कोणी खोलला होता? दादानं. घाटात मात्र ती पूर्वीपेक्षा सहज चढायची. ते मला जाणवत होतं, पण बिघाड शोधायला बसलेल्या माणसाला चांगलं कुठं दिसतं?

मग मी तोंड सोडलं. घरी जेवताना बोललो, पाहुण्यांपुढे बोललो. एकदा तर स्टेशनाजवळच्या हॉटेलात, दादाच्याच बरोबरीचे फिटर बाकावर बसलेले असताना म्हणालो, "आमच्या दादाच्या हाताला आता गंज चढलाय. चांगली गाडी दिलती, तिची बैलगाडी केली." सगळे हसले. दादानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि पिऊन टाकला. मला वाटलं, चूक त्याच्या ध्यानात आली असावी म्हणून तो गप्प आहे. हे असं वर्षभर चाललं.

पुढच्या पावसाळ्याअखेर चेन ताणून ताणून लोंबायला लागली आणि चढावर दात्यांवरून उडायला लागली. मागच्या चाकाच्या चक्रीचे दाते झिजून एका बाजूला वाकले होते. चेन नवी घालायची तर चक्रीही नवीच लागते, नाहीतर झिजके दाते नव्या चेनीचीही वाट लावतात. पुण्याच्या दुकानात गाडीचं नाव सांगून मी दोन्ही मागवलं. एका रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरलं. दादा कामावर निघाला होता. दारात थांबून म्हणाला, "उद्या सुट्टी हाय माजी. उद्या मिळून करू."

"नगं," मी म्हणालो. "तू हात लावलास तर हाय ती बी चालायची न्हाई."

तो गेला.

काम तसं सोपं, पण चिखल आणि वंगणानं घट्ट धरलेलं. चेनीची जोडकडी सोडवली, चाक काढलं, चक्रीचे बोल्ट रॉकेल टाकून टाकून ढिले केले. जुनी चक्री न बघताच पोत्यावर फेकली. नवी बसवली, चाक पुन्हा चढवलं. नवी चेन लांब होती. ती चाकाभोवती धरून माप घेतलं, जास्तीच्या कड्या तोडल्या आणि चेन जोडली. दुपार कलली होती. स्वतःवर खूश होऊन मी पसारा आवरायला लागलो.

जुनी चेन उचलली तर ती तोडलेल्या नव्या चेनीपेक्षा चांगलीच लांब भरली. ताणली असेल म्हणावं, तर कड्याच जास्त होत्या. माप चुकलं की काय म्हणून जुनी चक्री फडक्यानं पुसली आणि दाते मोजले. मग चाकावरच्या नव्या चक्रीचे मोजले. पुन्हा दोन्ही मोजले. जुनीला पाच दाते जास्त होते.

मागे दाते जास्त म्हणजे गाडीला ओढ जास्त आणि पळ कमी, हे मला सैन्यात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. इंजिन ओरडणार, गाडी पळणार नाही, घाट मात्र चढणार. क्लचला काहीसुद्धा झालं नव्हतं.

आणि ती चक्री कुठल्या कारखान्यातली नव्हती. पुसल्यावर दात्यांच्या बुडाशी कानशीचे बारीक ओरखडे दिसले. पोलादाची तबकडी कापून एकेक दाता हातानं घासलेला, आणि झिजायच्या आधी सगळे एकसारखे असणार, कारण वर्षभर चेन एकदाही अडखळली नव्हती. तापात मला गोठ्याच्या मागून कानशीचा आवाज यायचा. डोकं फुटतंय म्हणून मी शिव्या द्यायचो. आवाज थांबायचा आणि थोड्या वेळानं हळूच पुन्हा सुरू व्हायचा. तो हाच आवाज. मी पोत्यावर बसून राहिलो. बायको जेवायला बोलवून गेली, तरी उठवेना.

दिवस मावळायच्या आधी दादा आला. पोत्यावरची चक्री त्याला दारातूनच दिसली असणार. तो माझ्याकडे न येता आधी चाकाशी बसला. चेन बोटानं वर-खाली करून पाहिली.

"लय ताणलीयस," तो म्हणाला. "तुटंल." त्यानं पाना घेतला, मागचे नट ढिले केले, चाक बोटभर पुढे घेतलं आणि पुन्हा आवळलं. चाक फिरवून पाहिलं. "आता पळंल."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"दादा," मी म्हणालो, "वरीसभर म्या चारचौघांत तुजी अब्रू काढत व्हतो. येकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्याच संध्याकाळी मी ती चक्री काढून फेकली असती, आणि वर त्याला भित्रा म्हणून हसलो असतो.

"दुसरी करून दे," मी म्हणालो. "तेवढीच मोठी. ही काढून ठिवतो. चेन परत मागवतो."

दादानं हात पुसले. "न्हाई. चक्री तुला किती दिस धरून ठिवनार? मूठ तुज्याच हातात हाय." आणि तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या सकाळी मी कामाला निघालो. गाडी पूर्वीसारखी हलकी झाली होती, मूठ जरा पिळली की पुढे झेपावत होती. मी ती पिळली नाही. चढावरच्या वळणाशी काय वाटलं कोण जाणे, मी मागे वळून पाहिलं. असं मी कधी केलं नव्हतं. सुट्टी असूनही दादा कुंपणाशी उभा होता, मान एका बाजूला कललेली, रुळावर गाडीचा आवाज ऐकताना असते तशी.

संध्याकाळी बायकोला विचारलं, आज दादा कुंपणाशी कशाला उभा होता?

ती भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "घरी असलं म्हंजी थोरलं भावजी उभंच असत्यात," ती म्हणाली. "तुमच्या गाडीचा आवाज बंद हुईस्तवर. तुमाला ठावं न्हाई व्हय?"