गांगुर्डे सरांचं व्हिएतनाम

मोहिनीबाई गांगुर्डे व्हिएतनामला निघाल्याची बातमी इंदिरानगरच्या त्या सोसायटीत पसरली, तेव्हा लोकांनी तोंडावर अभिनंदन केलं आणि जिन्यात थांबून कुजबुज केली. कुजबुजीला कारण होतं. बाई सरांना घेऊन निघाल्या होत्या, आणि सरांना अलीकडे स्वतःच्या घराचा मजलासुद्धा सापडत नव्हता.

नवनाथ गांगुर्डे म्हणजे पंचवटीतल्या एका शाळेचे भूगोलाचे सर. आशियाचा नकाशा पुस्तकात न बघता फळ्यावर काढायचे आणि व्हिएतनामचा नागमोडी किनारा एका दमात ओढायचे. मग खडूचे हात झटकत वर्गाला सांगायचे, "पोरांनो, या मेकाँग नदीचं पाणी मी एक दिवस ओंजळीत घेणार आहे." दरवर्षीच्या वर्गाने हे वाक्य ऐकलं. त्या वर्गांतले काही जण पुढे स्वतः मास्तर झाले, पण सर आपले नाशिकमध्येच.

हे खूळ त्यांना पहिल्या नोकरीत लागलं. नोकरी पेठ तालुक्यात, चहूकडे भाताची खाचरं. तिथे शाळेच्या कपाटात एक जुनं मासिक सापडलं. त्यात अशीच खाचरं, अशीच गुडघाभर चिखलात वाकलेली माणसं, फक्त डोक्यावर इरल्याऐवजी टोकदार टोप्या. खाली लिहिलं होतं, मेकाँगचं खोरं. कुणाला लॉटरीचं वेड असतं, कुणाला कबुतरांचं. सरांना या नदीचं होतं.

घरात याला कुणाचा विरोध नव्हता. विरोध असता तर बरं झालं असतं, माणूस भांडून तरी जातो. मोहिनीबाई पाटबंधारे खात्यात कारकून, बाई अत्यंत जबाबदार. दर उन्हाळ्यात सर विषय काढायचे आणि त्या लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "जाऊ की हो पुढच्या वर्षी. तेजलची दहावी होऊ द्या." दहावी झाली, बारावी आली. मग तेजलचं इंजिनिअरिंग, मग फ्लॅट, मग तिचं लग्न, मग बाळंतपण. आपल्याकडे हौसेचं असंच असतं, सगळं मार्गी लागलं की करायची. सर कधी रागावले नाहीत. "बरं, पुढच्या वर्षी," म्हणायचे आणि पेपर तपासायला बसायचे.

एकदाचं सगळं खरंच मार्गी लागलं. दोघं निवृत्त झाले. बाई टूर कंपनीचं माहितीपत्रक घेऊन घरी आल्या, आणि त्याच आठवड्यात भाजी आणायला गेलेले सर पाथर्डी फाट्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडले. कोथिंबिरीची जुडी हातात होती, घर कुठे ते आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे आता वाढतच जाणार, म्हणाले. तसंच झालं. सर शेजाऱ्यांची नावं विसरले, तेजलला अधूनमधून ताई म्हणू लागले. पण मोहिनीला मात्र मोहिनीच म्हणत. तेवढी एक खुंटी घट्ट होती आणि बाई तिच्यावरच लटकून होत्या.

"आई, आता कशाला नेतेस?" तेजल म्हणाली. "बाबांना कळणार आहे का काही?"

"तिथे गेल्यावर कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"एकदाच कळू दे गं. तिथे उभं राहून एकदा म्हणू देत, आलो बाई आपण. मग विसरले तरी चालेल."

यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन, म्हणजे स्कूटरचा महापूर. सिग्नल सुटला की हजारभर गाड्या एकदम अंगावर येतात. नाशिकची मंडळी फुटपाथवर देवाचं नाव घेत उभी राहिली. टूर मॅनेजर अमोल तिरंगी छत्री उंच धरून ओरडत होता, "हळूहळू चाला, थांबू नका, त्या आपोआप बाजूने जातात!" सर मात्र निवांत चालत पलीकडे गेले. बाईंना बरं वाटलं. सर म्हणाले, "शालिमार चौकात आज फारच गर्दी आहे. सिटी बस कुठे लागली?"

बेन थान बाजारात बायका अक्षरशः तुटून पडल्या. रेशमी ओढण्या, काजू, कॉफी, लाखेच्या डब्या. दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची, टूरमधल्या मंगलाबाई त्याच्या निम्मा दाबायच्या आणि तोंडाने शुद्ध मराठीत म्हणायच्या, "एवढ्याला देतेस तर दे." मोहिनीबाईंच्या एका हातात सरांचं मनगट, त्यामुळे खरेदी एकाच हाताची. त्यांनी एकच वस्तू घेतली, ती टोकदार टोपी. सरांच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिल्या.

"इरलं कशाला आणलंस, मोहिनी?" सर म्हणाले. "लावणीला अजून वेळ आहे."

रस्त्याकडेला उसाचा रस मिळत होता. सरांनी तो आवडीने प्यायला आणि आलं घातलं नाही म्हणून तक्रार केली. पॅगोडात उदबत्त्यांच्या धुरात बुद्धमूर्तीपुढे ते हात जोडून उभे राहिले आणि एकही शब्द न चुकता त्रिशरण म्हणाले. आता यांना कळलं, बाईंना वाटलं. सर मागे वळून हळूच म्हणाले, "आपल्या विहारात ही मंडळी कुठली गं? पौर्णिमा आहे का आज?"

अख्खं शहर जणू ठरवून नाशिकसारखं वागत होतं. हे सगळं बघून मंगलाबाई जेवताना बोलल्याच. टूरचा आचारी सोबत होता, व्हिएतनामात बसून पिठलं-भात चालला होता. चकलीचा डबा पुढे करत त्या म्हणाल्या, "एवढं लांब आणलंत, पण त्यांना कुठे काय कळतंय? तुमचीच दगदग." काही माणसं खरं बोलायला नेमकी जेवणाचीच वेळ निवडतात. मोहिनीबाईंनी एक चकली घेतली आणि ती सरांच्या हातात दिली.

शेवटचा दिवस मेकाँगचा होता. बसने खोऱ्यात नेलं आणि लांबट लाकडी होड्यांत बसवलं. नदी रुंद, पाणी मातकट, काठाने पाणनारळीची दाट झाडी. बाई सरांना घट्ट धरून बसल्या.

"अहो, मेकाँगची माहिती सांगा ना."

सर ताठ बसले. आवाज एकदम वर्गातला झाला. "उगम तिबेटच्या पठारावर. चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम, असा सहा देशांतून प्रवास. मुखाशी त्रिभुज प्रदेश. मुख्य पीक भात." होडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी त्यांचा हात धरून अलगद पाण्यात बुडवला. "ही बघा तुमची मेकाँग. आलो आपण. अहो, आलो ना आपण?"

सरांनी ओंजळ भरली. पाणी बोटांतून गळताना ते बराच वेळ बघत राहिले. अमोलने पटकन फोटो काढला.

"गोदेला गढूळ पाणी आलंय," सर म्हणाले. "वरून सोडलं असणार. मोहिनी, रामकुंडाकडे नको जायला."

बाईंनी पदराने त्यांचा हात पुसला. मग तोच पदर तोंडावर धरून त्या रडल्या. होडीतली माणसं झाडी बघू लागली.

नाशिकला परतल्यावर काजूची पाकिटं सोसायटीत वाटून झाली. कसं झालं, म्हणून प्रत्येकाने विचारलं आणि छान झालं, म्हणून प्रत्येकाला सांगून झालं. अमोलने पाठवलेला फोटो बाईंनी मोठा करून आणला. अजून त्यांची आशा सुटली नव्हती. पाणी बघून कळलं नाही, निदान फोटो बघून तरी कळेल. माणूस बुडताना काहीही धरतो.

दुपारी सर गॅलरीत बसले होते. बाईंनी तिकडून आणलेली कॉफी करून दिली, शेजारी खुर्ची ओढली आणि फोटो त्यांच्या हातात ठेवला. होडी, टोपी घातलेला म्हातारा, त्याची भरलेली ओंजळ आणि त्याचा दंड धरून बसलेली बाई.

"मेकाँग," सर क्षणात म्हणाले.

"हो, मेकाँगच! आणि ही माणसं कोण?"

सरांनी फोटो लांब धरला, जवळ आणला. "असतील कुणी प्रवासी. नशीबवान आहेत." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि स्टाफरूममध्ये बोलावं तसा आवाज खाली आणला. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. मलाही जायचंय इथे. पण एकट्याने जाऊन काय मजा? आमच्या मोहिनीला घेऊन जायचंय."

मोहिनीबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"मग जात का नाही?"

"ती म्हणते पुढच्या वर्षी. कामात असते बिचारी, तिला तरी काय बोलणार? तुमची ओळख असेल ना तिच्याशी? तुम्ही सांगून बघा. बायकांचं बायका ऐकतात."

"सांगते," त्या म्हणाल्या.

"जरा लवकर सांगा," सर म्हणाले. "हल्ली माझ्या लक्षात राहत नाही."