टॅपेटचा आवाज

"आई, गाडी टकटक करतेय. ऐकू येतंय ना?" बावधनच्या चढावर लेकीने विचारलं आणि मला वडिलांची जुनी व्हॅन आठवली. ताम्हिणीच्या बायकांना ते तिच्यातून पौडच्या बाजाराला न्यायचे. इंजिन ठेक्यात वाजतंय, अशी बायकांची कुरकुर असायची. वडील म्हणायचे, "कुटं काय वाजतंय?" शेवटी मीच त्यांना गॅरेजात नेलं.

मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली. "टॅपेट ढिले झाल्यात," म्हणाला. त्याने ते आवळून इंजिन पुन्हा चालू केलं, तर टकटक पार थांबलेली. मग त्याने तीच मूठ वडिलांच्या कानाला लावली.

"दादा, आता वाजतंय का?" तो मोठ्याने म्हणाला.

वडिलांनी डोळे मिटले. गरम ऑइलचा वास सगळीकडे पसरला होता.

"व्हय की. लई वाजतंय."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मला वडिलांचा रागच आला. ऐकू येत नाही, एवढं सांगायला काय जातं माणसाचं?

लेक अजून उत्तराची वाट बघत होती. मी कान देऊन ऐकलं. गाडीत मला नुसती शांतता ऐकू येत होती.

"हो गं," मी म्हणाले. "केव्हाची वाजतेय."